ध्वनी-फॉरमॅटची निवड: ‘सगळीकडे वाजते’ या उत्तराची समीक्षा



शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत एक विषय हमखास येतो: विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर अशा सगळ्या ठिकाणी चालणारे, आवाज वाजवणारे सॉफ्टवेअर. कोणी व्याख्यानांचे ॲप करतो, कोणी खेळ करतो, आणि लखनौसारख्या गावात कोणी ना कोणी तानपुरा, लेहरा आणि तबल्याचा ठेका देणारे रियाजाचे ॲप करतोच. तोंडी परीक्षेत ‘ध्वनीसाठी कोणता फॉरमॅट घेतलात?’ असे विचारले, की बहुतेक वेळा उत्तर येते, ‘एमपी३, कारण तो सगळीकडे वाजतो.’ क्वचित ‘ऑग, कारण तो मुक्त आहे’ किंवा ‘वेव्ह, कारण त्यात काही गमावत नाही’ असेही ऐकू येते.

ही तिन्ही उत्तरे खोटी नाहीत, अपुरी आहेत. या टिपणात आपण ती एकेक करून तपासू. तपासण्यासाठी कल्पनेतले उदाहरण न घेता रियाजाचे ॲपच घेऊ. तानपुऱ्याचा अखंड नाद, तबल्याचा तुटक आघात आणि गुरूचे तासाभराचे बोलणे हे तीन वेगळ्या स्वभावाचे आवाज त्यात एकत्र येतात, आणि फॉरमॅटचे सगळे गुणदोष तिथे उघडे पडतात.

१. आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

‘फॉरमॅट’ या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. पहिली, कोडेक: आवाजाचे आकडे आवळायची आणि पुन्हा सोडवायची रीत. दुसरी, कंटेनर: ते आवळलेले आकडे ज्या डब्यात भरले तो डबा. तिसरी, डीकोडर: प्रत्यक्ष वाजवताना ते आकडे सोडवणारा कोड. हा कोड ऑपरेटिंग सिस्टीमचा असेल, ब्राउझरचा असेल किंवा तुम्ही स्वतः ॲपबरोबर दिलेला असेल.

पाठ्यपुस्तके पहिल्या गोष्टीवर प्रकरणच्या प्रकरण लिहितात. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर अडते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीवर. ओपसचेच पाहा. हा कोडेक २०१२ साली आरएफसी ६७१६ म्हणून प्रमाण झाला. सफारी ब्राउझरकडे ओपस सोडवायची क्षमता कितीतरी वर्षे होती, पण ॲपलच्या स्वतःच्या सीएएफ डब्यातून. जगभर जो डबा चालतो त्या ऑगमधली ओपस फाइल सफारीत सरळ वाजू लागली ती २०२५ मध्ये. कोडेक तोच आणि बिट तेच असूनही डबा निराळा म्हणून फाइल मुकी राहिली. तेव्हा ‘ओपस चालतो का?’ हा प्रश्नच अर्धा आहे. ‘कोणत्या डब्यातला ओपस, कोणाच्या डीकोडरवर?’ असे विचारायला हवे.

२. ‘सगळीकडे वाजते’ हे कसे घडले

एमपी३ सगळीकडे वाजतो हे आज खरे आहे, पण ते आपोआप घडलेले नाही. एमपीईजी-१ या प्रमाणाचा तिसरा थर म्हणून तो १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि १९९५ साली त्याला ‘.एमपी३’ हे शेपूट मिळाले. त्यावर पेटंटे होती. १९९८ साली फ्राउनहोफर संस्थेने परवाना-शुल्काची मागणी पुढे रेटली, आणि त्यातूनच पेटंटमुक्त पर्याय म्हणून ऑग व्हॉर्बिसच्या कामाला जोर आला. व्हॉर्बिसची पहिली पक्की आवृत्ती २००२ ची.

पुढचे वळण आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचे आहे. २००७ साली एचटीएमएल५च्या मसुद्यात, ब्राउझरांनी ध्वनीसाठी ऑग व्हॉर्बिस वाजवावा, अशी शिफारस होती. नोकिया आणि ॲपल यांनी विरोध केला. ‘ज्याचे पेटंट आज दिसत नाही त्याचे उद्या निघू शकते’ ही भीती त्यामागच्या कारणांत होती. डिसेंबर २००७ मध्ये ती शिफारस काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी दुसरा कोणताही फॉरमॅट सक्तीचा झाला नाही.

माझ्या मते हा निर्णय चुकला. पेटंटची भीती निराधार नव्हती, हे मान्य. पण व्हॉर्बिस नको तर निदान साधा, न आवळलेला पीसीएम तरी किमान पाया म्हणून ठेवता आला असता. तेवढेही झाले नाही. इंटरनेट एक्सप्लोररच्या ऑडिओ टॅगला तर वेव्ह फाइल शेवटपर्यंत वाजवता आली नाही. मोकळ्या सोडलेल्या जागेचा भुर्दंड मोठ्या कंपन्यांना पडला नाही. तो पडला लहान संस्थांना, शाळांना आणि एकट्याने काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना. प्रत्येक आवाजाच्या दोन-दोन प्रती ठेवा, आणि ब्राउझरला ‘कॅन-प्ले-टाइप’ने विचारा. त्याचे उत्तर काय येते? ‘प्रॉबेब्ली’, ‘मेबी’ किंवा रिकामी ओळ. म्हणजे ‘बहुधा’, ‘कदाचित’ आणि मौन. ‘हो’ असे उत्तर त्या यादीतच नाही. प्रमाण ठरवणाऱ्यांनी ठरवायचे टाळले, की काय होते हे त्या तीन उत्तरांत दिसते.

पुढे फायरफॉक्सने ऑपरेटिंग सिस्टीमचा डीकोडर वापरून एमपी३ वाजवायला सुरुवात केली, आणि एप्रिल २०१७ मध्ये एमपी३चा परवाना-कार्यक्रमच संपला. त्यानंतर फेडोरासारख्या लिनक्स वितरणांनी एमपी३चा एन्कोडरही मोकळेपणाने दिला. आज एमपी३ सर्वत्र आहे तो त्याची पेटंटे म्हातारी झाली म्हणून. तांत्रिकदृष्ट्या तो सर्वोत्तम आहे असा त्याचा अर्थ काढू नका.

आणि आजही हे ‘सर्वत्र’ फक्त फाइल उघडण्यापुरते आहे. पायगेमच्या अधिकृत मदत-पानांनी कित्येक वर्षे स्पष्ट इशारा दिला आहे, की एमपी३चा आधार मर्यादित आहे, काही लिनक्स यंत्रांवर प्रोग्रॅम कोसळू शकतो, ऑग वापरा. क्यूटीमध्ये छोट्या आवाजांसाठी जो वर्ग आहे त्याला न आवळलेली वेव्हच लागते. त्याचा मीडिया प्लेयर पूर्वी विंडोजवर एका, मॅकवर दुसऱ्या आणि लिनक्सवर तिसऱ्याच यंत्रणेवर विसंबून असे. ६.५ आवृत्तीपासून त्यांनी मुख्य व्यासपीठांवर एफएफएमपेग हीच मूळ यंत्रणा केली. यामागचा धडा साधा आहे: डीकोडर दुसऱ्याच्या हाती असेल, तर वागणूकही दुसऱ्याच्या हाती जाते.

३. तानपुऱ्याची परीक्षा: फाइल वाजते, पण वेळ चुकते

आता एमपी३वरचा माझा मुख्य आक्षेप. तो गुणवत्तेचा नाही, लांबीचा आहे.

एमपी३ आवाजाचे ११५२ नमुन्यांचे तुकडे पाडतो. तुमचा आवाज बरोबर त्या पटीत नसेल तर शेवटी शांतता भरून तुकडा पूर्ण केला जातो. शिवाय एन्कोडर सुरुवातीलाही काही नमुन्यांचा उशीर घालतो. लेम या प्रचलित एन्कोडरचा हा उशीर ५७६ नमुन्यांचा असतो. म्हणजे एमपी३ फाइल मूळ आवाजापेक्षा नेहमी थोडी लांब असते.

हिशेब करून पाहू. तीनतालाचा लेहरा, लय मिनिटाला १६० मात्रा. एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची, सोळा मात्रांचे आवर्तन बरोबर ६ सेकंदांचे. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर आवर्तनात २,६४,६०० नमुने होतात. एमपी३ करताना यासाठी २३१ तुकडे लागतात, म्हणजे २,६६,११२ नमुने. जास्तीचे नमुने १,५१२. वेळेत मोजले तर ३४ मिलिसेकंद.

एका गाण्याच्या आधी ३४ मिलिसेकंद शांतता असली तर कोणाला कळणारही नाही. पण रियाजाच्या ॲपमध्ये हेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरवायचे असते. प्रत्येक समेपाशी ३४ मिलिसेकंदांची ठेच लागते. तबल्याचा ठेका तुम्ही वेगळ्या घड्याळावर वाजवत असाल, तर दोन मिनिटांत, वीस आवर्तनांनंतर, लेहरा सुमारे ६८६ मिलिसेकंद मागे पडतो. जवळजवळ दोन मात्रा! तबला समेवर आलेला आहे आणि लेहरा अजून पंधराव्या मात्रेत रेंगाळतो आहे. त्यावर रियाज करणाऱ्या मुलाला वाटते की आपलीच लय कच्ची आहे. सॉफ्टवेअरचा दोष शिकणाऱ्याच्या माथी जातो. यापेक्षा वाईट दोष शैक्षणिक सॉफ्टवेअरमध्ये मला माहीत नाही.

‘पण सर, लेम तर फाइलच्या डोक्यावर हा उशीर लिहून ठेवतो.’ बरोबर. जो डीकोडर ती नोंद वाचतो तो जास्तीचे नमुने कापून टाकतो, जो वाचत नाही तो तसेच वाजवतो. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर लेहरा अचूक फिरेल आणि मित्राच्या फोनवर अडखळेल. चाचणी घेणाऱ्याच्या यंत्रावर न दिसणारा दोष हा सर्वांत महाग दोष असतो.

एएसीचा आजार त्याच जातीचा. त्याचा तुकडा १०२४ नमुन्यांचा, आणि ॲपलचा एन्कोडर सुरुवातीला २,११२ नमुने, म्हणजे सुमारे ४८ मिलिसेकंद, जादा घालतो. ते कापायची सूचना डब्यात असते, पण पाळणे-न पाळणे वाजवणाऱ्यावर.

व्हॉर्बिस आणि ओपस इथे उजवे ठरतात. ऑग डब्यात प्रत्येक पानावर नेमक्या नमुन्याची नोंद असते, आणि शेवट कुठे हे प्रमाणातच सांगितलेले आहे. लांबीचा नेमकेपणा तिथे प्रमाणाचाच भाग आहे. अर्थात ओपस नेहमी ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने उलगडतो, त्यामुळे ४४,१०० वर मोजलेले तुमचे फिरवण्याचे बिंदू त्यात जसेच्या तसे लागू होत नाहीत.

लांबी अचूक असली म्हणजे सांधा कळत नाही असेही नाही. गमावणाऱ्या कोणत्याही कोडेकमध्ये फाइलच्या शेवटच्या नमुन्याची आणि पहिल्या नमुन्याची लहर अगदी जुळेलच याची खात्री नसते. तानपुऱ्यासारख्या अखंड नादात तो सांधा ‘टक्’ असा ऐकू येतो. म्हणून फिरवायच्या नादासाठी वेव्ह किंवा फ्लॅक, आणि जागेची फारच ओढ असेल तर व्हॉर्बिस घेऊन सांध्यावर एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभात विरघळवणे, हा व्यवहार्य मार्ग.

४. तबल्याची आणि जवारीची परीक्षा

गमावणारे कोडेक आवाज काळाच्या खिडकीत पाहतात. एमपी३ची मोठी खिडकी ११५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची असते. त्या खिडकीत झालेली चूक खिडकीभर पसरते. तबल्याचा ‘ना’ खिडकीच्या मध्यावर आला, तर त्याच्या आधीच्या शांततेतही थोडी खरखर सांडते. आघातापूर्वीची ही खरखर कान फक्त काही मिलिसेकंदच झाकू शकतो. एन्कोडर अशा वेळी छोट्या खिडक्यांकडे वळतो, पण त्याला जास्त बिट लागतात, आणि बिटदर कमी असेल तर ते मिळत नाहीत. परिणाम: किनारीचा टणत्कार बोथट होतो.

तानपुऱ्याच्या जवारीचे दुखणे वेगळे. तिचे सौंदर्य वरच्या स्वरांशांच्या झळाळीत आहे. फार कमी बिटदरासाठी एएसीची जी एचई नावाची आवृत्ती आहे, ती वरची पट्टी प्रत्यक्ष साठवत नाही. खालच्या पट्टीची नक्कल वर उचलून ठेवते आणि आकार जुळवते. बोलण्याला हे चालून जाते. जवारीत मात्र स्वरांश षड्जाच्या नेमक्या पटीत बसावे लागतात, आणि उचललेली नक्कल तशी बसेलच असे नाही. तानपुरा वाजतो, पण जिवंत वाटत नाही. ज्याच्या आधाराने सूर लावायला शिकायचे, तोच आधार डळमळीत करून देऊ नये.

तबल्याचे बोल लहान असतात, म्हणून इथे आवळण्याचा मोहच नको. एका सेकंदाचा, एका चॅनेलचा, १६ बिटांचा वेव्ह बोल ८८ किलोबाइटचा असतो. तीस बोल घेतले तरी २.६ मेगाबाइट. तो स्मृतीत आधीच उलगडून ठेवता येतो आणि बोट लागताच वाजतो. दोन-तीन मेगाबाइट वाचवण्यासाठी आघात बोथट करणे हा खोटा काटकसरीपणा आहे.

५. ‘वेव्ह सर्वांत सुरक्षित’ आणि ‘ऑग मुक्त’: याही उत्तरांची मर्यादा

वेव्ह १९९१ पासून आहे, साधा आहे, आणि त्याचा डीकोडर तुम्ही एका संध्याकाळी लिहू शकता. पण सीडीच्या दर्जाचा वेव्ह मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट खातो. पन्नास मिनिटांचे व्याख्यान ५२९ मेगाबाइटचे होते. वसतिगृहात दिवसाच्या ठरावीक डेटावर राहणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही ते डाउनलोड करायला सांगणार का? तेच व्याख्यान १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये ४८ मेगाबाइट, एका चॅनेलच्या ६४ किलोबिटच्या एमपी३मध्ये २४ आणि २४ किलोबिटच्या ओपसमध्ये ९ मेगाबाइट. बोलण्यासाठी २४ किलोबिटचा ओपस स्पष्ट ऐकू येतो. त्याच्या पोटात बोलण्यासाठी एक आणि संगीतासाठी दुसरी अशा दोन पद्धती आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज ओपसमध्येच असतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी फाइलचे नाव पाहून ओळखलेच असेल.

शिवाय वेव्हच्या शीर्षकात लांबीसाठी ३२ बिटांची जागा आहे, त्यामुळे ४ गिगाबाइटच्या पलीकडे साधी वेव्ह जात नाही. रात्रभराच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ही भिंत लागते.

‘ऑग मुक्त आहे’ या उत्तरात तत्त्व योग्य आहे, पण मुक्त असणे आणि समोरच्या यंत्रात हजर असणे या दोन गोष्टी वेगळ्या. ऑग फाइल तुमच्या ॲपच्या आत वाजणार असेल तर प्रश्न नाही, कारण डीकोडर तुम्ही देऊ शकता. व्हॉर्बिस उलगडणारी ‘एसटीबी व्हॉर्बिस’ ही साडेपाच हजारांच्या आसपास ओळींची एकच सी फाइल आहे. वेव्ह, फ्लॅक आणि एमपी३साठी ‘डीआर’ नावाची अशीच एकेका फाइलची ग्रंथालये आहेत. ओपसचा अधिकृत कोड बीएसडी परवान्याखाली मिळतो. पण विद्यार्थ्याने ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन घरच्या जुन्या स्पीकरला लावली, की ऑग बहुधा गप्प बसतो आणि एमपी३ वाजतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या फाइलसाठी एमपी३ आजही योग्यच. मात्र बिटदर बदलता ठेवला असेल तर डोक्यावर उड्यांचा तक्ता लिहिलेला आहे ना, हे तपासा. नाहीतर ‘चाळिसाव्या मिनिटाला जा’ म्हटल्यावर प्लेयर भलत्याच जागी नेतो. व्याख्यान ऐकूनच अभ्यास करणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी हा दोष किरकोळ नाही.

६. बंद फॉरमॅटचा इतिहास विसरू नका

१९९५ साली रिअलऑडिओ आला. टेलिफोनच्या तारेवरून, १४.४ किलोबिटच्या मोडेमवरही आवाज ऐकवणारी ती जादूच होती. त्या काळात अनेक संकेतस्थळांनी आपले संग्रह त्यात भरले. फॉरमॅट एका कंपनीचा आणि प्लेयरही तिचाच. पुढे प्लेयर मागे पडला आणि फाइली उरल्या. आज त्यांतल्या बहुतेक वाजतात त्या एफएफएमपेगमधल्या स्वयंसेवकांनी त्यांची आतली रचना उलगडून काढली म्हणून. असे कोणी तरी पुढे येईलच, यावर संग्रहाचे भवितव्य सोपवता येत नाही.

याउलट फ्लॅक पाहा. २००१ साली आला, रचना पहिल्यापासून खुली, आणि २०२४ साली आरएफसी ९६३९ म्हणून प्रमाणही झाला. एकही बिट न गमावता तो संगीताची फाइल साधारण अर्ध्यावर आणतो. २०१७ मध्ये ॲपलनेही आपल्या यंत्रणांत त्याला जागा दिली. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना मूळ प्रतीसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, न गमावणारा दर्जा सुचवते. तुमचा प्रकल्प संग्रहालय नसेल, पण मूळ प्रत जपण्याचा नियम तुम्हालाही लागू आहे. एमपी३ उघडून पुन्हा ओपस केला, तर एकाचे नुकसान दुसऱ्याच्या नुकसानावर चढते, आणि गेलेले परत येत नाही.

७. कैसरबागेतला जुना धडा

लखनौमध्ये राहून हा विषय शिकवताना विष्णू नारायण भातखंडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. मुंबईच्या या मराठी वकिलाने देशभर फिरून बंदिशी गोळा केल्या, आणि १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. १९६६ मध्ये त्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले, आणि आज ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून कैसरबागेत उभी आहे.

त्यांची स्वरलिपी हा आपल्या अर्थाने एक फॉरमॅटच आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र-तार सप्तकासाठी खाली-वर टिंब, एका मात्रेतले स्वर बांधायला खाली कमान. त्याच काळात विष्णू दिगंबर पलुसकर यांचीही स्वरलिपी होती. १९०१ साली लाहोरला सुरू झालेल्या त्यांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेत ती वापरली गेली. मात्रेचे लहान-लहान अंश दाखवायला तिच्यात वेगवेगळ्या खुणा आहेत, त्या हिशेबाने ती अधिक काटेकोर. तरी उत्तर भारतात भातखंड्यांची लिपी जास्त पसरली. खुणा थोड्या, छापायला सोप्या आणि वाचायला शिकणे सोपे, हे त्याचे मोठे कारण असावे असे मला वाटते. आपल्या भाषेत सांगायचे तर तिचा डीकोडर हलका होता आणि तो लोकांच्या हातात होता.

ती लिपी गमावणारी आहे, हा आक्षेप जुनाच. आंदोलन, सूक्ष्म श्रुती, गळ्याचा लगाव तिच्यात मावत नाहीत. आक्षेप खरा आहे. पण क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग मूळ मराठीत निघाले, पुढे हिंदीत आले, आणि त्यांतल्या बंदिशी आजही शिकवता येतात. त्याचे एक कारण असे, की लिपीत न मावणारे बाकीचे गुरूच्या गळ्यातून मिळत राहिले. मूळ प्रत जिवंत असेल तर गमावणारी प्रत उपयोगाची ठरते. मूळ संपले की तीच प्रत दरिद्री होते. फॉरमॅट निवडताना ‘कोणता चांगला?’ याआधी ‘मूळ कुठे आहे?’ हे विचारायचे ते यासाठी.

८. मग काय निवडायचे?

माझा निष्कर्ष असा. एका प्रकल्पाला एक फॉरमॅट हा आग्रहच सोडा. प्रत्येक आवाजाला चार प्रश्न विचारा: तो लहान आहे की लांब? तो फिरवायचा आहे का? डीकोडर माझा की दुसऱ्याचा? आणि फाइल ॲपबाहेर जाणार आहे का?

रियाजाच्या ॲपपुरते उत्तर असे निघते. तबल्याचे बोल: वेव्ह. तानपुरा आणि लेहरा: फ्लॅक, डीकोडर ॲपबरोबर. जागा फारच कमी असेल तर व्हॉर्बिस. याचाही हिशेब पाहा: बारा सुरांचे प्रत्येकी तीस सेकंदांचे, एका चॅनेलचे तानपुरे वेव्हमध्ये सुमारे ३२ मेगाबाइट होतात आणि ९६ किलोबिटच्या व्हॉर्बिसमध्ये ४.३. गुरूचे बोलणे: ॲपमध्ये ऐकायचे तर ओपस, घरी न्यायचे तर एमपी३. आणि या सगळ्यांच्या मागे, ॲपबरोबर न जाणारी पण नीट जपलेली, ४८ किलोहर्ट्झ २४ बिटांची फ्लॅक मूळ प्रत.

या निवडीला एक किंमत आहे, ती लपवत नाही. डीकोडर तुम्ही दिला की त्यातली सुरक्षेची भोके बुजवणे, आवृत्त्या अद्ययावत ठेवणे हेही तुमच्याच अंगावर येते. ऑपरेटिंग सिस्टीमचा डीकोडर बॅटरी कमी खातो आणि त्याची देखभाल दुसरा करतो. तासाभराच्या व्याख्यानासाठी हा फायदा मोठा आहे, सहा सेकंदांच्या लेहऱ्यासाठी नगण्य. म्हणून लांब, एकदाच ऐकायच्या आवाजासाठी यंत्रणेवर विसंबायला माझी हरकत नाही. जिथे नमुन्याचा नेमकेपणा लागतो तिथे आहे.

स्वाध्याय

१. सहा सेकंदांची वेव्ह फाइल एमपी३, व्हॉर्बिस आणि ओपसमध्ये बदला. प्रत्येक उलगडून नमुने मोजा. मूळच्या लांबीशी फरक किती, तो मिलिसेकंदांत लिहा.

२. तीच फाइल तीन वेगळ्या यंत्रणांवर शंभर वेळा फिरवा आणि घड्याळाशी ताडून पाहा. फरक कोडेकचा, डब्याचा की डीकोडरचा, हे कारणासह ठरवा.

३. झपताल, दहा मात्रा, लय मिनिटाला १२०. आवर्तनाचे नमुने किती आणि एमपी३चे जादा नमुने किती, हे कागदावर काढा, मग यंत्रावर पडताळा.

४. तुमच्या प्रकल्पातल्या प्रत्येक आवाजापुढे वरचे चार प्रश्न मांडून तक्ता करा. तोंडी परीक्षेत ‘कोणता फॉरमॅट?’ असे विचारले, तर फॉरमॅटचे नाव सांगण्याआधी हा तक्ता दाखवा.